हलगीवाल्या मामांचं मत

बुधवार, संध्याकाळ

परदेशी गिटारवाल्याचा तो नवा मेटल रॉक अल्बम, जुन्या पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाचा. नेटवर त्यावरून भांडणं चाललीत. कुणी त्याला देव म्हणतं, कुणी नुसतं वेगाचं यंत्र. मी देवाच्या बाजूने लिहून आलो. मग कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणाऱ्या मामांना ऐकवला. सगळा ऐकून म्हणाले, "हात लई तयार हाय की. पण ह्यो बघतोय कुणाकडं? आम्ही पैलवानाकडं बघून वाजवतो. त्यो दमला की आम्ही वाढवतो."

वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकून का घेतात, ते विचारायचं राहिलंच.

बघतोय कुणाकडं... मी आठ महिने त्याच्यासारखा वेग यावा म्हणून दार लावून गिटार घासतोय. अजून कुणालाच ऐकवलेलं नाही. निघताना म्हटलं, मामा, उद्या माझं ऐकता?

"आण की."

घरी येऊन बसलो, तर रोजचा सोपा तुकडाही वाजेना.