एका फीत चार दुखणी

पांढुर्णा, ९ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. सरलास अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे नव्या डॉक्टरांनी फी दहा रुपये केली. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, पण अर्धा दिवस दुकान बंद आणि औषधाची चिठ्ठी बाहेरचीच. म्हणून घरातली दुखणी साठवायची आणि एकानेच जायचे असे ठरवले. काल मी गेलो. माझे गुडघे, तुझ्या देवीदासदादाचे पोट, सूनबाईची चक्कर आणि तुझ्या आईचा आठ दिवसांचा खोकला, सगळे माझेच म्हणून सांगितले. डॉक्टर हादरले, पण तीस रुपये वाचले!

लोभ आहेच, त्याला फी नाही.

तुझा बाबा, दत्तात्रय

सौंसर, १४ फेब्रुवारी

ती. बाबांस सरलाचा शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र वाचून यांना जेवताना ठसका लागला. एका अंगात चार माणसे घेऊन गेलात, आता गोळ्या कोणी कोणत्या खाल्ल्या तेही कळवा. थट्टा राहू द्या, पण आईला स्वतः नेऊन दाखवा. तिच्या फीची दहाची मनिऑर्डर करते आहे. त्याची शेव आणू नका.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची सरला

पांढुर्णा, ३ मार्च

चि. सौ. सरलास आशीर्वाद.

इतकी दुखणी एकाच माणसात डॉक्टरांना पटेनात. रक्त झाले, लघवी झाली, मग नागपूरला छातीचा एक्स-रे. एकशे नव्वद रुपये गेले. खरे सांगायची लाज वाटली, म्हणून मुकाट्याने सगळे करून घेतले. पण एक्स-रे एकदम साफ! जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडला, पेढे वाटले. तुझी आई अजून खोकून राहिली, पण फोटोत काही निघाले नाही म्हटल्यावर तिलाही धीर आला. तुझे दहा रुपये एक्स-रेत लागले.

जावईबापूंना नमस्कार, तुला पुन्हा आशीर्वाद.

बाबा

सौंसर, १२ मार्च

सरलाच्या बाबांस मनकर्णाचा नमस्कार.

तुमचे पत्र वाचून सरला तडक तिकडे पोचली आणि मला इकडे घेऊन आली, तिच्यावर रागावू नका. इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, या खेपेस माझाच. डाग निघाला. औषध वर्षभर घ्यावे लागते, पण बरे होते म्हणतात.

खोकला कधीपासून, असे त्यांनी विचारले. मी दिवाळीपासून म्हटले, तर सरला तिथेच रडायला लागली. तुम्हाला मी आठच दिवस सांगितले होते. जास्त दिवसांचा सांगितला तर पैसेही जास्त लागतील, असे मला वाटले.

जेवण वेळेवर करा.

मनकर्णा