सहा पट्टे आणि चेन्नियप्पन

कोइम्बतूर,
११ जुलै

चि. सौंदरराजन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या कानाचं नवीन यंत्रही शिट्ट्याच मारतं म्हणतोस, तर ते पेटीत ठेव आणि पत्रंच लिही. तुझ्याशी फोनवर बोलले की इथले शेजारी मला भांडकुदळ समजतात.

आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत सगळ्यांना मनगटी पट्टे वाटलेत. दिसायला घड्याळ, काम हेराचं. मी किती चालले, किती झोपले, सगळं डॅलसला मुकुंदनच्या फोनवर उमटतं. चार हजार पावलं भरली नाहीत की पोरगा लगेच विचारतो, अम्मा बरी आहेस ना. सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी अख्ख्या तालुक्याच्या लाइनी जोडल्या, पण चोरून कुणाचं ऐकलं नाही.

माझे गुडघे आता चार हजारांचे राहिलेले नाहीत. पण ते कळलं की मागच्या, देखभालीच्या इमारतीत हलवतात. तिथे स्वतःची चूल नाही. कॉफीचं डिकॉक्शनसुद्धा दुसऱ्याच्या हातचं. म्हणून आम्ही सहा जणांनी तोड काढली. समोरच्या घरात चेन्नियप्पन म्हणून गिरणीतले जुने मास्तर राहतात, एकटेच. सकाळ-संध्याकाळ वसाहतीला दहा फेऱ्या घालतात. आमचे सहाही पट्टे तेच चढवून जातात. चुडा भरलेल्या नवरीसारखे दिसतात अगदी! मुकुंदन इतका खूश, की त्याने मला पळायचे बूट पाठवलेत.

सौ. पद्मासनीला आशीर्वाद. माझी काळजी नको, कारण यंत्राच्या मते मी पंचविशीत आहे.

तुझी,
कोमलवल्ली अक्का

श्रीरंगम,
१९ जुलै

ती. अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून पद्मासनीला हसू आवरेना. मला मात्र सातवीचं वर्ष आठवलं. प्रगतिपुस्तकावर मी अप्पांची सही ठोकली म्हणून तू मला भर उन्हात अंगणात उभं केलं होतंस. आता तुला कुणी उभं करायचं?

थट्टा राहू दे. उद्या तू न्हाणीघरात पाय घसरून पडलीस, तर पट्टा मुकुंदनला कळवेल की अम्मा बागेत मजेत फिरतेय. त्याला गुडघ्यांचं खरं काय ते सांगून टाक. आणि ते चेन्नियप्पन सहा जणांची पावलं चालतात, मग त्यांची कोण मोजतं? पद्मासनीने विचारायला सांगितलंय.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस, ओरडा कमी केलास तरी चालेल.

तुझा,
सौंदरराजन

कोइम्बतूर,
४ ऑगस्ट

चि. सौंदरराजन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पद्मासनीने विचारलेलं मी विचारलंच नाही. काल त्याचं उत्तर मिळालं.

संध्याकाळी पाचला आम्ही सहाही जण भोजनगृहात केळ्याची बज्जी खात होतो. एकाएकी सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. तिकडे नीट उजाडलंही नव्हतं आणि मुकुंदन फोनवर रडत होता. आमच्यातल्या लीलावतींची मुलगी मेलबर्नहून ओरडत होती. प्रत्येकाच्या पोराला पट्ट्याने कळवलं होतं की तुमचं माणूस पडलंय. मी सांगतेय की मी ठणठणीत आहे, माझ्या हातात बज्जी आहे. तर तो म्हणे, असं कसं, यंत्र सांगतंय की तू उठत नाहीयेस! ऑफिसातली माणसं स्ट्रेचर घेऊन सहा घरांकडे धावली. माझ्या दाराचा कोयंडाही तोडला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सहाही इथे बसलोय, मग पडलंय कोण?

सौंदरा, हे तुला लिहायला लाज वाटते. कळलं सगळ्यांना होतं. पण तोंड उघडायचं म्हणजे मागची इमारत. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. अर्धं मिनिट तरी नक्की. शेवटी मीच उठले आणि मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने संगणकावरच्या नकाशात पट्ट्यांचं ठिकाण पाहिलं. सहाही ठिपके पंपघरामागे.

चेन्नियप्पन तिथे ओल्या जमिनीवर पडले होते. खुबा मोडलाय, पण माणूस हाती लागला. शुद्धीवर होते. आम्हाला पाहून त्यांनी पहिल्यांदा विचारलं की पट्टे फुटले तर नाहीत ना.

त्यांचा स्वतःचा पट्टा ऑफिसच्या कपाटात सापडला. कुणाला कळवायचं, या रकान्यात त्यांनी रेघ मारली होती. नाव भरल्याशिवाय पट्टा सुरूच होत नाही.

मला उन्हात उभं करायला तू हवा होतास.

तुझी,
अक्का

कोइम्बतूर,
२९ ऑगस्ट

चि. सौंदरराजन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुकुंदन चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी विमानाने येऊन उभाच राहिला. मला खोलीत इकडून तिकडे चालायला लावलं आणि मग स्वतःच माझं सामान बांधायला घेतलं. मी मागच्या इमारतीत आलेय. डिकॉक्शन अगदी पांचट असतं. मी तक्रारवहीत लिहायला गेले, तर वही बंद झाल्याचं कळलं. तक्रार आता फोनवरच्या ॲपमधूनच करायची, म्हणजे तक्रार संपलीच.

शेजारच्या खोलीत चेन्नियप्पन आहेत. त्यांच्या पट्ट्याच्या फॉर्मवर आम्ही सहा जणांनी आपापली नावं घातली. एकच नाव चालतं म्हणून मॅनेजर कुरकुरला. लीलावतींनी त्याला सुनावलं की पडल्यावर सहा घरं शोधता येतात, तर सहा नावंही मावतील.

काल दुपारी चेन्नियप्पन झोपेत नुसते कुशीवर वळले आणि आमचे सहाही फोन एकदम ठणाणा करायला लागले. आवाज कसा बंद करायचा ते एकालाही येईना. तसेच वाजते फोन घेऊन, काठ्या टेकत, धापा टाकत आम्ही त्यांच्या खोलीत जाऊन थडकलो. पाहिलं, तर मास्तर गाढ झोपेतून दचकून उठलेले. त्यांनी दोन्ही हात जोडून विनवलं की सहापैकी निदान पाच नावं तरी काढून टाका.

कुणाची काढायची यावर रोज सभा भरते. अजून कुणी तयार नाही.

पद्मासनीला विचारल्याचं सांग. मास्तरांची पावलं कोण मोजतं, हा तिचा प्रश्न मी सगळ्यांना वाचून दाखवला आहे. तुझ्या शिट्ट्यांसह तुला आशीर्वाद.

तुझी,
कोमलवल्ली अक्का