बंड्याचा थायरॉइड

मंगळवार, संध्याकाळ

बंड्याचा रक्ताचा रिपोर्ट आला. टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, कमी. ते बघून मी चक्क खूश झालो, मूर्खासारखा! आमच्या घरात थायरॉइड म्हणजे काय, तर बायकोची, सुमनची, सकाळची उपाशीपोटी गोळी आणि अर्ध्या तासाने चहा. बारा वर्षांचं कुत्रं सुस्तावलंय, केस गळतायत, तर तेही गोळीवर येईल, असं सुमनला फोनवर सांगूनही टाकलं. कंपनीत दिवसभर हेच तर करतो. माप लिमिटच्या खाली आलं की पार्ट बाजूला काढायचा, दुरुस्त करून परत लाइनवर.

पिंपळे गुरवच्या डॉक्टर मॅडमनी कागद बाजूलाच ठेवला. "अहो, टीएसएच नॉर्मल आहे. आजार थायरॉइडचा नाहीच. सोनोग्राफीत गाठ दिसलीय, लिव्हरपर्यंत पसरलेली. एवढ्या आजारात टी-फोर आपोआप खाली जातो."

"मग गोळी?"

"गोळीने आकडा सुधारेल. बंड्या नाही सुधारणार."

आकडा सुधारेल. डोक्यातून जातच नाहीये.

घरी आलो तर सुमनने स्वतःच्या गोळ्यांच्या बाटलीवर मार्करने 'सुमन' लिहून ठेवलेलं. म्हणाली, "आता दोन बाटल्या होणार ना, घोळ नको."

मी हो म्हणालो.