बाबांच्या गाडीची जाळी

१२ एप्रिल, रविवार

ओर्लिंडाने ट्रक मागे घेतला आणि थेट बाबांच्या मोंटे कार्लो गाडीच्या तोंडात घातला! समोरची जाळी पार चुरा. आणि आमच्या बाईसाहेबांचं म्हणणं काय, तर गाडी तिथे लावलीच कशाला. बाबा गेल्यापासून गाडी त्याच झाडाखाली उभी असते. आजच दिसली होय?

बंपरला ओरखडा नाही, दिवे शाबूत. फक्त मधली जाळी गेली. समोरून बघितलं तर दात काढून ठेवलेला म्हातारा दिसतो. पुढच्या महिन्यात सान इसिद्रोची जत्रा. चर्चच्या पटांगणात खोऱ्यातल्या सगळ्या नटवलेल्या गाड्या आशीर्वादाला येणार — आणि आमची ही अशी बोळकी!

१३ एप्रिल

नवी जाळी मिळते. किंमत ऐकून फोन ठेवला. त्यापेक्षा नवीन दात माणसाला स्वस्तात बसतील.

जेवताना ओर्लिंडा म्हणाली, भावजींना विचारू का? मी म्हटलं, अजिबात नाही.

फाकुंदो माझा थोरला भाऊ. बाबांनी त्याला न्हाव्याचं दुकान दिलं, मला गाडी दिली. त्याला गाडी हवी होती. मला दुकान नको होतं, त्यामुळे माझ्या मते वाटणी झकास झाली होती. पण दफनानंतरच्या जेवणात त्याने सगळ्यांदेखत विचारलं, म्हाताऱ्याचे कान कधी भरलेस? मीही काहीतरी बोललो. तेव्हापासून अबोला. नाताळला एका टेबलाशी बसतो. तो ओर्लिंडाला सांगतो, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मिरचीचं भांडं इकडे सरकव.” मी ओर्लिंडाला सांगतो, “म्हणावं, हात आहेत ना त्याला.” भांडं शेवटी तीच सरकवते.

त्याच्याकडे इम्पाला गाडी आहे. मरून रंगाची. समोरची जाळी कॅलिफोर्नियाहून मागवलेली, इतकी चकचकीत की समोर उभं राहून दाढी करावी. त्याला जाऊन सांगू, माझी जाळी मोडली म्हणून? मेलो तरी नाही.

घरीच करणार. फोनवरच्या व्हिडिओत एक पोरगा दाखवतो — अर्ध्या तासात, घरच्या सामानात.

१८ एप्रिल, शनिवार

अर्धा तास म्हणे! सकाळ गेली, दुपार गेली.

जुन्या ओव्हनची जाळी मागच्या खोपटात पडली होती. मापं जवळपास तीच. करवतीने कापली, वाकवली, बसवली. लांब जाऊन बघितलं. वाईट नाही. आणखी लांब गेलो. आणखी बरी दिसली. पार कालव्यापर्यंत गेलो तेव्हा तर एकदम फक्कड.

मग शेजारची एर्मिनिया आली आणि विचारलं, आज कोंबड्या किती भाजायच्यात.

काढून टाकली.

१९ एप्रिल

चर्चमध्ये मिसाला गेलो. फादर इमेका जत्रेबद्दल बोलले. नायजेरियाहून येऊन त्यांना वर्षही झालेलं नाही, गाड्यांचा आशीर्वाद पहिल्यांदाच देणार. मला दारात थांबवून विचारलं, गाड्या खरोखर उड्या मारतात का? म्हटलं, माझी मारत नाही, फक्त मान झुकवते. गाडीखालचे पंप बाबांनी स्वतः बसवलेत. कळ दाबली की मोंटे कार्लो देवासमोर नाक खाली करते. फादरना फार आवडलं. म्हणाले, असा भक्त मला पहिल्या बाकावर हवा.

म्हणजे आता पहिल्या रांगेत उभं राहायचं. बोळक्या तोंडाने!

२२ एप्रिल, बुधवार

डोकं चाललं. छपराच्या पन्हळीत पाला जाऊ नये म्हणून बसवतात ना, ती लोखंडी जाळी. बारीक चौकटींची, हलकी, स्वस्त. दुकानातल्या मुलीने विचारलं, घराला किती लांब पन्हळ आहे? म्हटलं, घराला नको, गाडीला हवीय. तिने वर बघितलंसुद्धा नाही. इथे एस्पान्योला गावात असल्या उत्तराचं कुणाला काही वाटत नाही.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा केला. ओर्लिंडा मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे झगे शिवते, तिची चांगली कात्री घेतली. कात्री फक्त पुठ्ठ्यासाठी घेतली होती. जाळीलाही चालते का, ते नुसतं बघितलं. नाही चालत.

आज ती माझ्याशी बोलत नाही. घरात आता दोन अबोले झाले.

२५ एप्रिल, शनिवार

रंगवली! रुपेरी. डब्यावर लिहिलं होतं, वाऱ्यात फवारू नये. आमच्याकडे एप्रिलमध्ये वारा नाही अशी वेळ कुठून आणू?

पहिला हात जाळीवर बसला. दुसरा ओर्लिंडाच्या वाळत घातलेल्या चादरीवर. तिसऱ्या हाताच्या वेळी आमचा कुत्रा फ्रिहोल मध्ये आला. त्याचं नाक आणि एक कान रुपेरी झालाय. कुत्र्याला रंग छान एकसारखा बसला. जाळीवर मात्र ओघळ आले.

चादर तिने पलंगावर माझ्या बाजूला अंथरलीय.

२७ एप्रिल

बसवली. उजवीकडे खाली उतरते. कडा करवतीच्या दातांसारख्या. केबल टाय लावलेत, त्यांची टोकं मांजराच्या मिशांसारखी बाहेर. उद्या बघू.

२९ एप्रिल, बुधवार

गंमतच आहे. कामावरून आलो तर जाळी सरळ! परवा खाली उतरली होती, आज दोरी धरल्यासारखी. धातू आपोआप बसत असणार, ऊन-थंडीने. ओर्लिंडाला दाखवलं. ती म्हणाली, असेल बाई, आणि शिवणयंत्राकडे वळली.

१ मे

कडासुद्धा गुळगुळीत झाल्यात. बोट फिरवून बघितलं. ओघळ गेले! आता मात्र मला वाटतं की मी समजत होतो त्यापेक्षा माझा हात चांगला आहे. कामावर यार्डात सोबतच्या टॉबियासला सांगितलं, रंग आपोआप सपाट होतो, घाई करायची नसते. त्याने लिहून घेतलं.

५ मे, मंगळवार

रस्ता सपाट करायच्या यंत्राची नळी फुटली, साहेबाने दुपारीच घरी पाठवलं.

अंगणात शिरलो तर मोंटे कार्लोसमोर कुणीतरी गुडघ्यावर. फाकुंदो! हातात बारीक कानस, मांडीवर बाबांच्या दुकानातलं पांढरं फडकं. मान कोंबडीसारखी वाकडी केलेली, बोटाने एकेक कड चाचपत होता. शेजारी फ्रिहोल निवांत पडलेला. घरचा कुत्रा, आणि भुंकायचं नाव नाही. ओर्लिंडा पायरीवर कॉफी घेऊन बसलेली. म्हणजे हे रोजचंच होतं!

मी म्हटलं, “ओर्लिंडा, त्याला विचार, माझ्या गाडीला हात का लावतोय.”

तो म्हणाला, “ओर्लिंडा, त्याला सांग, बाबांच्या गाडीला लावतोय.”

ओर्लिंडा उठली. म्हणाली, “मला दोन झगे पुरे करायचेत. तुमचं तुम्ही बोला.” आणि आत गेली. दार लावून घेतलं.

आता काय करायचं? तिसरं माणूस नसलं की भांडणसुद्धा अवघड जातं. शेवटी तोच म्हणाला, “एलॉय, ही काय जाळी आहे? खुराड्याला लावतात असली.” मी म्हटलं, पन्हळीची आहे. तो म्हणाला, “मग पन्हळीला लावायची ना.” मी म्हटलं, इतकी वाईट आहे तर घासत कशाला बसलास? तर म्हणाला, “बाबा या गाडीतून उतरताना आधी टोपी नीट करायचे. लोकांनी हसावं अशी ती गाडी नाही.”

मी कॉफी विचारली. हो म्हणाला.

टॉबियासला काही सांगायचं नाही.

९ मे, शनिवार

फाकुंदो सकाळपासून इथे. चालतच आला. यंदा इम्पाला काढणार नाही म्हणतो, इंजिनाचं काम आहे. आम्ही एकही गोष्ट न भांडता केली नाही. त्याला स्क्रू हवेत. मला केबल टाय पुरेत. तो म्हणतो, टाय म्हणजे पिशवी बांधायची वस्तू. मी म्हणतो, स्क्रूने चौकटीचं प्लॅस्टिक तडकेल. शेवटी ओर्लिंडाने निकाल दिला — डावी बाजू फाकुंदोची, उजवी माझी. स्क्रू स्क्रू, टाय टाय.

त्याने स्क्रू लावताना मला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाला, सावली पडते. मीही माझे टाय ओढून ओढून आवळले.

जेवायला मका-मांसाचं पोसोले होतं. त्याने सरळ मला सांगितलं, “मिरची दे.” मी दिली. ओर्लिंडाने दोघांकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

१६ मे

गाडी धुतली, पुसली. मेण मी लावलं, नावं त्याने ठेवली. खरं सांगतो, जाळी सुरेख दिसते. लांब जावं लागत नाही. एर्मिनिया येऊन बघून गेली, कोंबड्यांचा विषय निघाला नाही.

१७ मे, रविवार

काय लिहू आणि काय नको असं झालंय. हसूच आवरत नाही.

पहिली रांग. फाकुंदो गाडीत माझ्या शेजारी, बाबांची टोपी घालून. मागे निम्मं खोरं उभं. फादर इमेका पवित्र पाण्याचं भांडं घेऊन आले, त्यांनी गाडीवर पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली आणि हळूच मला खूण केली. मी कळ दाबली. मोंटे कार्लोने नाक खाली केलं. काय झुकली! टाळ्या पडल्या. मी परत वर घेतली, परत खाली — जरा जोरात, कबूल — आणि खाडकन आवाज झाला. जाळी डावीकडून सुटली आणि दारासारखी उघडून लोंबायला लागली. स्क्रू फादरच्या बुटांपाशी घरंगळत गेले.

फादरनी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, “हीसुद्धा प्रथा आहे का?”

सगळं पटांगण हसलं. मी सर्वांत जास्त. कारण सुटली कुठली बाजू? डावी! स्क्रूची! माझे टाय जागचे हलले नव्हते. मी खिडकीतून ओरडलो की ज्यांना पिशव्या बांधायच्यात त्यांनी माझ्याकडे यावं. ज्याला त्याला सांगितलं. बुरितो घ्यायच्या रांगेत सांगितलं, बँडवाल्यांना सांगितलं, टॉबियासला तर दोनदा.

फाकुंदो हसला नाही. गाडीतून उतरून, खाली वाकून हाताने जमीन चाचपत स्क्रू शोधत होता. एक तर त्याच्या समोरच पडला होता. मी म्हटलं, अरे आंधळ्या, नाकासमोर आहे. आणि परत हसलो.

१८ मे

डावी बाजू उघडून बघितली. एकही स्क्रू भोकात बसलेला नव्हता. सगळ्यांच्या खुणा भोकांच्या शेजारी, नुसते प्लॅस्टिकच्या कडेला रुतवले होते. इतके वाकडे तर मीही मारत नाही. ज्या माणसाने वस्तऱ्याने निम्म्या गावाच्या माना साफ केल्या, त्याने?

ओर्लिंडाला दाखवायला आत नेले. तिने स्क्रू हातात घेतले आणि खाली बसली.

२० मे, बुधवार

फाकुंदोला सांता फे शहरात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नजरेच्या मधलं सगळं गेलंय, कडेचं थोडं उरलंय, तेही फार दिवस नाही. ओर्लिंडाला माहीत होतं, कुणाला सांगू नये म्हणून तिला त्याने शपथ घातली होती. येताना तो म्हणाला, “रविवारी गाडी झुकली तेव्हा जाळी दिसत कशी होती रे? सुटायच्या आधी.” मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि सांगायला लागलो.