माळवदावरून दिसणारं जंगल

५ जून १९३८
आजपासून रोजनिशी. कचेरीत फसली तारीख चालते, इथे मुद्दाम इंग्रजी घालतो. लिखाणाला वजन येतं.

करोडगिरीच्या नाक्यावर गाड्यांतला माल तपासून तपासून मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. आता बदली जंगलात महकम्यात, म्हणजे जंगलखात्यात. काम असं, की जिंतूर गावासमोरच्या सागाच्या डोंगरात दर पंधरवड्याला पायी फिरायचं, झाडांची प्रकृती पाहायची, कीड, वणवा, चोरटी तोड दिसली तर वर कळवायचं. वर्षभर हंगामी. काम पसंत पडलं तर मुस्तकिल, म्हणजे कायम. नाही पडलं तर सोनपेठेला मेव्हण्याच्या किराणा दुकानात गूळ जोखायचा. माणिकरावांनी तराजूजवळची जागा माझ्यासाठी आतापासूनच रिकामी ठेवली आहे, असं कुटुंबाकडून कळलं.

संकल्प: उद्या पहाटे डोंगर.

६ जून
गेलो नाही. पाय तयार होते. पण डोंगराची राखण करणारा नाकेदार ईश्वरअप्पा सांगत आला, साहेब, खालच्या नाल्यात बिबट्या हाय, परवाच वाडीतलं कुत्रं उचललं. भिण्याचा प्रश्न नाही. सरकारी माणूस पहिल्याच आठवड्यात खर्ची पडणं महकम्याला परवडत नाही, एवढंच.

९ जून
गेलो. झाडीच्या कडेपर्यंत. आत काहीतरी खसफसलं. ईश्वरअप्पा म्हणतो तो माझ्या बचावासाठी मागं थांबला होता. मला तरी तो पुढे पळताना दिसला. मी जवळचा साग गाठला आणि वर गेलो. धोतर सांभाळून एवढ्या वेगाने चढणारा दुसरा माणूस महकम्यात नसेल.

झाडीतून मोर निघाला. तरी बराच वेळ वरच थांबलो. झाड चांगलं आहे. सरळ, घट्ट, माझा भार बिनतक्रार सोसणारं. रिपोर्टात लिहिलं: झाडांची प्रत्यक्ष अंगाने तपासणी केली, प्रकृती उत्तम.

१४ जून
विचारांती ठरलं की पायी फिरणं ही अडाणी मेथड आहे. वैद्य काय रोग्याच्या पोटात शिरतो? बाहेर बसून नाडी पाहतो. आमच्या माळवदावरून अख्खा डोंगर एका नजरेत येतो. हिरवा दिसला तर निरोगी, पिवळा तर कीड, काळा तर वणवा. घर न सोडता रोज पाहणी. इतकी साधी गोष्ट आजवर एकाही अंमलदाराला सुचू नये याचं नवल वाटतं.

नजर थोडी कमी पडते. चष्मा पुसला.

१७ जून
लाकडाच्या वखारीचे बन्सीधर शेठ भेटले. मेथड समजावून सांगितली. इतकं मन लावून ऐकणारा माणूस जिंतुरात पहिल्यांदा भेटला. म्हणाले, साहेबांनी काट्याकुट्यांत पाय घालावेत हे आम्हाला बघवत नाही. संध्याकाळी घरी दुर्बीण पाठवली. जर्मन. नको म्हणणार होतो, तेवढ्यात ती डोळ्याला लावून पाहिली.

२ ऑगस्ट
मेथड चालू. सकाळी चहा, पाहणी. दुपारी जेवण, पाहणी. रंग हिरवा. ईश्वरअप्पा येऊन सांगतो, मी रोजच रानात जायलोय साहेब, रान लय भारी हाय. त्याच्या चपला मात्र नव्यासारख्या कोऱ्या दिसतात. माणूस नेटका असावा.

डोंगराच्या वाटेने वैरणीच्या गाड्या उतरतात. दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. एवढ्याशा वैरणीला बैल तोंडाला फेस येईपर्यंत दमलेले असतात. करोडगिरीत असतो तर वैरण उचकून पाहिली असती. पण ते खातं आता आपलं नाही, आणि दुसऱ्याच्या खात्यात हात घालू नये.

४ ऑक्टोबर
दसऱ्याचं म्हणून बन्सीधर शेठांनी पलंग पाठवला. सागवानी. चार माणसांना उचलेना. दारातून आत जाईना म्हणून दोर लावून माळवदावरच चढवला, म्हणजे पाहणी पडून करता येईल.

कुटुंबाने विचारलं, एवढा साग आला कुठून. म्हटलं, वखारीतून. तिने विचारलं, आणि वखारीत कुठून. नर्मदेला व्यापारातलं कळत नाही. मग तिने दुर्बीण मागून घेतली आणि डोंगराकडे पाहून म्हणाली, अहो, हा डोंगर बसका झाला. तिला समजावलं की डोंगर वाढत नाहीत नि घटतही नाहीत. काच पुसून दुर्बीण पेटीत ठेवली.

२० डिसेंबर
मेथडचा विस्तार मनात घोळतो आहे. परभणीचे कडुलिंब नि चिंचा स्टेशनच्या पाण्याच्या टाकीवरून पाहता येतील. हैदराबाद शहराला चारमिनार पुरेल. अख्ख्या रियासतीच्या झाडांची हेल्थ मूठभर माणसं बसल्या जागी सांगतील. त्या माणसांवर एक मुख्य माणूस लागेल. नाव सुचवण्याइतका मी उतावळा नाही.

ईश्वरअप्पा म्हणतो बिबट्या हायच. म्हणजे या वर्षी आत जाण्याचा प्रश्न मिटला.

२६ फेब्रुवारी १९३९
आज मोठा विजय. आजूबाजूचे सगळे डोंगर पानं झडून करपल्यासारखे पडले आहेत. फक्त माझा हिरवा. वर बारीक गुलाबी-नारिंगी फुलंसुद्धा दिसतात. निगा राखली की झाडंही ऋतू विसरतात. मोहतमीम साहेबांना, म्हणजे आमच्या महकम्याच्या मोठ्या साहेबांना, खास रिपोर्ट पाठवला: होळी तोंडावर आली तरी माझ्या देखरेखीखालचा साग हिरवागार असून फुलला आहे.

मुस्तकिलीचा अर्ज सोबत जोडला.

९ मार्च
साहेबांचं उत्तर. लिहितात, उभी हयात जंगलात गेली पण होळीला हिरवा साग पाहिला नाही. हा चमत्कार स्वतः पाहायला येत आहेत. पुढच्या आठवड्यात. पायी. वाट दाखवायला पुढे मी.

पुन्हा वाचलं. पुढे मीच.

१० मार्च
जेवण गेलं नाही. कुटुंबाने विचारलं काय होतंय. म्हटलं, आनंद.

११ मार्च
उपाय:
पाय मुरगळला आहे असं कळवणं. कळवलं. साहेबांची उलट तार आली, डोली करू.
ताप. कपाळाला हात लावून नर्मदा म्हणाली, थंडगार आहे.
आधी एकटं जाऊन पाहून येणं. हा उपाय खोडला.

ईश्वरअप्पाला बोलावलं. त्याची बायको गंगम्मा दारात आली. म्हणाली, त्ये राणीसावरगावला बहिणीकडं गेल्यात, कवा येतील सांगून गेले न्हाईत. बन्सीधर शेठांकडे गेलो. वखारीला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, शेठ तीर्थयात्रेला निघाले, लाकूडही सगळं घेऊन गेले. लाकूड घेऊन कुणी तीर्थाला जातं का? मन शंका घेतंय. घेऊ दिलं नाही.

१४ मार्च
मला भीती वाटते. हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बिबट्याची वाटते, सापाची वाटते, नाल्यातल्या अंधाराची वाटते. वर्षभर माळवदावर बसलो तो मेथड म्हणून नव्हे. आणि आज या सगळ्याहून जास्त साहेबांची वाटते.

संध्याकाळी हे वाचून पाहिलं. उपाशीपोटी माणूस काहीही लिहितो.

१६ मार्च, सकाळ
साहेब आले. सहा फूट उंच, खांदे भरदार, बूट गुडघ्यापर्यंत. माळवदावर नेऊन मेथड दाखवली. पलंगावर हात फिरवून त्यांनी विचारलं, हा कुठला साग. म्हटलं, हुजूर, स्थानिक. मग त्यांनी बुटांचे बंद आवळले. निघतो आहोत. नर्मदेने डब्यात दशम्या दिल्या आणि म्हणाली, सांभाळून. तिने कधी असं म्हटलं नव्हतं.

१६ मार्च, संध्याकाळ
जमेल तसं लिहितो.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. हिरवं होतं, यात शंका नाही. डोक्याच्या वर गेलेलं हिरवं. घाणेरी. आमच्या उकिरड्यामागे वाढते, म्हैससुद्धा तोंड लावत नाही, तीच. इथून तिथून, टेकाडापासून नाल्यापर्यंत. गुलाबी-नारिंगी फुलं तिचीच. चालताना पायाला काही लागलं म्हणून फांद्या बाजूला केल्या तर खुंट. पुढे खुंट. त्यापुढेही खुंट. कापलेल्या जागा केव्हाच काळ्या पडलेल्या.

साहेब उर्दूत, अगदी हळू आवाजात म्हणाले, साग कुठे आहे तेवढं दाखवा. मी दुर्बीण काढली. ते म्हणाले, ती नको.

तेवढ्यात घाणेरीत खसफसलं. मोर नव्हे, जड काहीतरी, फांद्या मोडत आमच्याच रोखाने. माझे पाय आपोआप झाडाकडे धावले. त्या जूनमधल्या, माझा भार सोसलेल्या सागाकडे. तिथे खुंट होता. डावीकडे धावलो. खुंट. उजवीकडे, वर, खाली. सगळ्या डोंगरात चढायला एक झाड नाही. वर्षभर मी ज्याची प्रकृती उत्तम म्हणून लिहिली त्या जंगलात, जीव वाचवायला एक झाड नाही. रडू आलं. हे खरं लिहितो, भीतीने आलं की झाडासाठी ते सांगता येत नाही.

त्या जागेत उंच असं एकच काही उभं होतं.

मी साहेबांवर चढलो.

घाणेरीतून रानडुकरीण निघाली, मागे तिची पिल्लं, आणि सगळी नाल्याकडे गेली. साहेब हलले नाहीत. त्यांचा साफा माझ्या मुठीत होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, आता उतरा.

१७ मार्च
माणिकरावांना निरोप धाडावा का? गुळाच्या ढेपेला खसफसायची सवय नसते. दुकानाला दार असतं.

२ एप्रिल
साहेबांचा हुकूम आला. देवापुढे ठेवून मग उघडला. मुस्तकिल केलं आहे.

पुन्हा वाचलं. बन्सीधर शेठ आणि ईश्वरअप्पा यांचा तपास पोलिसांकडे. माझ्याबद्दल इतकंच, की त्या दिवशीच्या प्रसंगाची चर्चा कुठे होऊ नये, आणि आजपासून मी डोंगरातल्या चौकीत कायम मुक्कामाला राहून घाणेरी उपटायची व सागाची लागवड करायची. कायम या शब्दाखाली साहेबांनी रेघ मारली आहे. सहीपेक्षा ठसठशीत.

नर्मदेला वाचून दाखवलं. म्हणाली, तुमची इच्छा पुरी झाली. ती सोबत येणार नाही. घर कोण पाहणार, आणि महकम्याने तो पलंग जप्त करून नेला, तिथे निजायला काय आहे. दुर्बीण तेवढी जप्तीतून वाचली. ती म्हणाली, राहू द्या इथे, मी रोज माळवदावरून तुमच्यावर लक्ष ठेवीन. ऐकून डोळे भरून आले.

११ जुलै
चौकी. रोपं लावून झाली. उंची घोट्याएवढी. माझा भार सोसण्याएवढी व्हायला किती वर्षं लागतात असं एका मजुराला विचारलं. तो हसत सुटला. मी का विचारलं ते त्याला कळलं नाही, मला कळलं.

१५ जुलै
चौकीच्या दारासमोर ओल्या मातीत पावलं उमटली आहेत. गोल, मोठी. या वेळी बिबट्या खरा. मजूर काम टाकून गेले. मी दाराला आतून बाज लावून बसलो आहे.

१६ जुलै
दुपारी समोरच्या खडकावर तो दिसला. शेपटी हलवत बसला होता, घाईत नव्हता. चौकीच्या छपरावर चढलो. गाव समोर दिसतं, आमचं माळवद दिसतं, माळवदावर हिरवं लुगडं दिसतं. म्हणजे नर्मदा पाहते आहे. आयुष्यात इतका आधार कधी वाटला नव्हता. धोतर सोडून दोन्ही हातांनी जिवाच्या आकांताने हलवलं. ओरडलो, माणसं पाठव. पुन्हा हलवलं. तिनेही पदर हलवला.

निजामाच्या राज्यात माझ्याइतक्या आशेने वाट कुणी पाहिली नसेल.

१८ जुलै
बिबट्या काल आपणहून गेला. आज गावाकडून गडी आला. दशम्या, चटणी, आणि कुटुंबाचा निरोप. निरोप असा: रोज पाहते. परवा तुम्ही छपरावर दिसलात. हातपाय चांगले हलत होते, धोतरही स्वच्छ होतं. प्रकृती उत्तम. माणिकरावांनाही तसंच कळवलं आहे.