सरावाच्या खुर्चीवर आज बसणार नाही

वहिनी,
किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. दूध तापवून ठेवलंय.

काल मुलाखत बरी झाली म्हणालो, तसं काही नव्हतं. समोरच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न तुमच्या सरावातला विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगतो, वहिनी." मुलाखत घेणारे तिघेही हसले. मग पंधरा वर्षं केलेल्या वेल्डिंगबद्दल मला एक धड वाक्य सुचेना.

दादाला सांगू नका, तो पुन्हा कुणाकुणाच्या हातापाया पडत बसेल.

भांडी घासता घासता रोज माझ्यासाठी साहेब बनून प्रश्न विचारता, ते आजपासून राहू द्या. मी उशिरा येईन, जेवायला थांबू नका.

प्रश्न अगदी बरोबर काढले होतेत तुम्ही. उत्तरं द्यायला माणूस तेवढा चुकीचा बसवलात.

– भावोजी