चाकं नसलेल्या गाडीचं लिंबू

सौ. गिरिजाक्कास, धाकट्या भवानीचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? दुखत असतील तर उसाच्या बांधावर हिंडणं आता साकु, पुरे झालं. फोनवर तू नुसतं 'हां हां' म्हणतेस आणि ऐकत काही नाहीस, म्हणून तुमच्या बन्नूरच्या बसच्या कंडक्टरकडे ही चिठ्ठी देते आहे.

आमची यशू व्हिडिओ गेममध्ये दोनशे वर्षांनंतरचं म्हैसूर बनवते ना, तिच्या ऑफिसात आयुधपूजेला घरच्यांनाही बोलावलं होतं. कॉम्प्युटरांना कुंकू लावून झालं आणि भिंतभर पडद्यावर तिचं शहर दाखवलं. अय्यो! काचेचे मनोरे, ढगात बागा, गाड्या चिलटांसारख्या उडतायत, पण कुठे ओलं लुगडं वाळत नाही की दारात चप्पल नाही. (माणसं राहतात की पुतळे?) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प होते, देवाशपथ. तिच्या साहेबानेच विचारलं, "कसं वाटलं, अम्मा?" विचारलं तर मी सांगणारच. म्हटलं, गाड्यांना चाकं नाहीत, मग आयुधपूजेला लिंबू कशाखाली ठेवायचं? दृष्ट काढून कोहळा कुठे फोडायचा? खाली रस्ताच नाही. एवढ्या उंचावरून फोडला तर कुणाच्या टाळक्यात?

साहेब हसला नाही. पडद्याकडे बघत राहिला आणि यशूला म्हणाला, शहराला जमीनच नाही की! आठवड्यात जमीन, रस्ते करून दाखव, नाहीतर हे काम बेंगळूरवाल्यांना देतो.

तेव्हापासून पोरगी माझ्याशी बोलत नाही. ताट खोलीत नेते. मला ऐकू जाईल अशा आवाजात बापाला सांगते, "आईच्या एका लिंबापायी माझं शहर गेलं." जाऊ दे, मी शब्द मागे घेणार नाही. सासऱ्यांच्या आजोबांची तलवार आम्ही दसऱ्याला पाटावर मांडतो, ती पुढे काय हवेत टांगायची? रस्ता पाहिजे म्हणजे पाहिजे.

तुझी,
भवानी

ता.क. खरं काम हे, की तू ये. तुझं ती ऐकते. आईचं चुकलं असं म्हणालीस तरी चालेल, मी तेवढा वेळ देवळात जाऊन बसेन.

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवत होते तर यशू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली: "आई, कोहळा फुटला की फोडी किती लांब उडतात?" तू नाही आलीस तरी चालेल. कोहळे तेवढे पाठव. मोठे.